वाळवंटात थिजलेलं ॲसिड

कतारला थंडी पडते, हे मला गावी कुणीच सांगितलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातला तो माझा तिथला पहिला जानेवारी. कंपनीची बस इंडस्ट्रियल एरियात शिरली तेव्हा धुकं इतकं होतं, की शेड जमिनीवर आहेत की हवेत, कळेना. मीही अर्धा झोपेतच होतो. तीन महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि त्याचा हा शेवटचा आठवडा.

आमचा कारखाना लहानसा. तेलाच्या पाइपांना आतून गंज लागू नये म्हणून तिथे एक केमिकल बनायचं. त्याचा मूळ माल काकवीसारखा चिकट, पाण्यात मिसळायलाच तयार नसे. त्यात ॲसेटिक ॲसिड घातलं, की निमूटपणे विरघळायचा. व्हिनेगरमधलंच हे ॲसिड, पण इथे जवळजवळ निव्वळ. नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी येई. ते सांभाळणं माझं काम.

स्टोअर उघडून पाहतो तर चार कॅन, चारही दगड. कितीही हलवले तरी आत काही डुचमळेना.

मॅनेजर आला. "माल तुमने चेक करके लिया था ना? दो बजे तक बॅच नहीं निकली, तो खलास. घर जाओ."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. सोळा-सतरा अंशांना हे गोठतं, असं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. पण वाळवंटात ते आठवेल तर शपथ!

मिक्सर चालवणारे रत्नागिरीचे चाचा कॅनवर हात ठेवून हसले. "अरे बाला, ह्या बिघडला नाय. खोबरेल थिजता ना, तसा झालाय. उन्हात काढ."

खोबरेल! थंडीत तेलाची बाटली अंगणात उन्हाला नेऊन ठेवायचं काम घरी माझंच. आई केस मोकळे सोडून पायरीवर वाट बघत बसायची.

आम्ही बुचं सैल केली, कॅन पत्र्याला टेकवून उन्हात मांडले, त्यांच्यावर बाहेरून कोमट पाणी ओतत राहिलो. धुकं विरलं. ऊन पाठीवर आलं आणि कारखान्याचं कंपाउंड हळूहळू आमचं अंगण झालं. पायरी तेवढी रिकामी होती.

बाराच्या सुमाराला चाचांनी एक कॅन हलवला. आत डुचुक वाजलं.

"ऐकलास? वाचलास रे बाला!"

बॅच वेळेत निघाली. नोकरी पक्की झाली. मी शेडमागे जाऊन लहान पोरासारखा रडलो. ॲसिड डोळ्यांना झोंबलं, असं चाचांना सांगितलं. खरं म्हणजे, पाणी ओतता ओतता मी मनातल्या मनात त्या कॅनांना विनवत होतो, वितळू नका.