वाटेत नाशिक लागत नाही

गेल्या वर्षी माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले, तेव्हा मुलगी टोरांटोहून आणि मुलगा ऑकलंडहून धावत नाशिकला आले. दवाखान्यात मी डोळे मिटून पडले होते. मला झोप लागलीय असं समजून मुलगा बहिणीला म्हणाला, "ताई, आई आहे तोवर आपली गाठ तरी पडते." त्यापेक्षा छातीतली कळ परवडली, असं मला झालं.

दोघांत भांडण नाही, तंटा नाही. असता तर मिटवला असता. पण भेटायचे ते फक्त माझ्याकडे, तेही जमेल त्या दिवाळीत. एरवी मुलगी भाऊबीजेला चंद्राला ओवाळून मोकळी व्हायची.

दोघं परत गेल्यावर मी मुलाला फोनवर विचारलं, "तुझ्याकडून ताईकडे जायला किती वेळ लागतो रे?"

"का गं?"

"विचारलं तेवढं सांग."

त्यानं शोधून सांगितलं. चौदा हजार किलोमीटरच्या आसपास. थेट विमान नाही, मधे बदलायचं, सगळं धरून अख्खा दिवस जातो. "तुझ्याकडे यायलाही साधारण तेवढाच लागतो," म्हणाला आणि ताईकडच्या वाटेची रेघ काढलेला नकाशा पाठवला.

इतकी वर्षं मला वाटायचं, एक पोर जगाच्या या टोकाला, एक त्या टोकाला आणि मधे मी. मालेगावला जाताना चांदवड लागतं, तशी. पण त्या रेघेनं आपल्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती पलीकडच्या महासागरावरून निघून गेली होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझा सगळा तोरा उतरला. पण मग धीरही आला. मला वगळून जाणारी वाट होती तर.

"या दिवाळीला इकडे यायचं नाही," मी मुलाला बजावलं. "भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारी जातो. माझा भाऊ येवल्याहून एसटीनं यायचा."

"आई, तू एकटी पडशील."

"माझं मी बघीन. मी गेल्यावर तुम्ही दोघं एकटे पडाल, ते कोण बघणार?"

"बघतो," तो म्हणाला, आणि दिवाळीत खरंच ताईकडे गेला.

टोरांटोची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच चहा करून फोन समोर घेऊन बसले. फोन आला नाही. दुपारपर्यंत मी चांगलीच तापले होते. संध्याकाळी, तिकडे उजाडल्यावर, मुलीचा फोन आला.

"आई, अगं, बोलत बसलो आणि विसरूनच गेलो." मागे मुलगा कशाला तरी खो खो हसत होता.

"बरं झालं," मी म्हणाले.

त्यांचं माझ्यावाचून अडू नये, हे मीच मागितलं होतं. ते इतक्या लवकर मिळेल, असं वाटलं नव्हतं.