नावं घालून म्हणा

त्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी मासे साफ करत होते. माझा धाकटा भाऊ इस्माईल म्हणाला, "आपा, खलास." हॉटेलात भात संपला तरी तो असंच म्हणतो. त्याची बायको जुबेदा गेली होती. मी हात पुसले आणि विचारलं, "माफ केलं का तुला?" त्यानं फोन ठेवला... म्हणजे नाही केलं.

भेटायला येणारे अजून म्हणतात, किती गोड होती. गोड नव्हती. रत्नागिरीहून लग्न होऊन इकडे कतारला, दोह्यात आली तेव्हापासून मी तिला ओळखते. तिचं कालवण तिखट आणि तोंडही. इस्माईल वेस्ट बेच्या एका हॉटेलात वेटर. तिथे मेक्सिकोचं जेवण मिळतं आणि गिटारवाले टेबलापाशी येऊन तिकडची जुनी गाणी म्हणतात. ऐकून ऐकून ती त्याला पाठ झाली. अल मन्सूरा भागातल्या त्यांच्या घरी जेवणं झाली की तो गायचा आणि अर्थ सांगायचा. अर्थ बहुतेक एकच. बाईनं दगा दिला, पुरुष दारू पिऊन रडला, नाहीतर तिला गोळी घातली. शेवटी दगाबाज बाईचं नाव घेतात, गावानं ध्यानात ठेवावं म्हणून. सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. आणि त्याच दिवसांत तो खालच्या मजल्यावरच्या नसरीनकडे जात होता. अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं, जुबेदालाही.

एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्या मुलखात पुरुष दगा देत नाहीत वाटतं?"

"देतात की," हा हसला. "त्याचंही गाणं आहे. बायका म्हणतात."

"मग ते शिकवा मला."

आणि या शहाण्यानं शिकवलं. बोल चुकले तिथे सुधारून दिले.

पुढे त्यांच्या मुलीची हळद झाली. आमच्याकडे हळदीला बायका गाणी म्हणतात, गाण्यात घरच्यांची नावं घालतात आणि बाकीच्या ती मागून म्हणतात. नसरीन नटूनथटून पुढेच बसली होती. इस्माईल सरबताचा ट्रे घेऊन दारात. जुबेदानं ढोलकी ओढली आणि तेच गाणं धरलं. आम्हाला एक अक्षरही कळलं नाही. शेवटी दोन नावं तेवढी कळली, इस्माईल आणि नसरीन... एक म्हातारी सवयीनं ती मागून म्हणू लागली, मग सगळ्याच म्हणू लागल्या. ही दोन नावं एकत्र का, ते लक्षात येईपर्यंत दोन-तीनदा म्हणून झालं होतं. इस्माईलचा ट्रे हलला नाही. वेटरच तो.

नसरीन थोड्याच दिवसांत खोली सोडून गेली. जुबेदा कुठे गेली नाही. त्याला वेळेवर जेवायला घालत राहिली. तो मात्र जेवणानंतर पुन्हा कधी गायला नाही.

शेवटच्या आजारात तो तिच्या पलंगाशी बसून म्हणायचा, "माफ कर गं. वर काय तोंड दाखवू?"

"ते गाणं म्हणा. नावं घालून म्हणा, लगेच माफ करते."

तो सुरू करायचा. आवाज अजून चांगला आहे. नावांपाशी आला की अडकायचा. ती डोळे मिटून वाट बघायची, मग भिंतीकडे वळायची. "राहू दे. उद्या." असे बरेच उद्या गेले...

परवा त्याच्याकडे गेले. तिची भाकरीची परात भिंतीला टेकवून ठेवली होती. तो पाठमोरा भांडी घासत होता आणि हळू आवाजात तेच गाणं म्हणत होता. नावांपाशी आला आणि थांबला.

मी दारातूनच दोन्ही नावं म्हटली. मग त्याला चहा टाकायला सांगितला.