वाटी जागेवर बसली

“पाय सरळ करा वो, बसंल वाटी,” म्हणत ती नवऱ्याची टाच एका हाताने उचलायची आणि दुसऱ्याने गुडघ्याची सरकलेली वाटी आत रेटायची. आपण कुकरची शिट्टी बसवतो तितक्या सहज. फिजिओथेरपीची पदवी माझी, पण हात तिचा. पहिल्याच दिवशी मी मनातून जळले.

वडगावात त्यांचे दोन यंत्रमाग. नवरा जरा वळला की वाटी बाहेर. ऑपरेशनला कांकू करत होती ती मात्र हीच. “ऱ्हाऊ दे की. मी हाय न्हवं बसवायला.” मी तिला अडाणी ठरवून चांगली झापली.

ऑपरेशन झालं. पुढचे सहा महिने पायाला वाळूची पिशवी बांधून मी त्याच्या मांडीत बळ आणलं. ती कोपऱ्यात बसून बघायची. “लई जोर आला, मॅडम,” म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

आठ वर्षांनी दोघं तपासणीला आली. तिचे पुढचे दोन दात गेले होते, मोडलेलं मनगट वाकडं जुळलं होतं. त्याला एक्स-रेला पाठवून मी फॉर्म भरायला घेतला.

“वाटी परत कधी सरकली?”

“एकदाबी न्हाय.”

“जिना चढणं, पळणं?”

“समदं जमतंय.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “आदी बरं हुतं, मॅडम. ह्येंनी लाथ उचलली की वाटी सरकायची, जागीच पडायचे. मग मीच बसवायची. आता पडतच न्हाईत. काल गळा दाबलता. आज मी घरात गेले तर संपवतील.”

मला माझीच शिसारी आली. तिचा भाऊ चिकोडीला होता. मागच्या दाराने मी तिला रिक्षात बसवून स्टँडवर पाठवलं.

“कुठं हाय ती?” नवरा एक्स-रेहून परत येऊन ओरडला. त्याने आधी टेबल उलथवलं, मग मला भिंतीवर ढकललं. मी खाली पडले आणि त्याचा पाय उचलला गेला. मी मूर्खासारखी त्या गुडघ्याकडे बघत राहिले. आता सरकेल, आता सरकेल. सरकली नाही. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, तेव्हा कुठे दवाखान्यातल्या चौघांनी त्याला आवळून धरलं.

संध्याकाळी भावाच्या फोनवरून ती बोलली. “पोचले, मॅडम. तुमास्नी काय केलं न्हाय न्हवं?”

“नाही गं,” मी म्हटलं. रडू फुटत होतं, पण बरगड्यांपायी धड रडताही येईना.