अर्धा कोरा कागद

दाखले संगणकावरून, ठरलेल्या मुदतीत द्यायचे अशी सुधारणा आली, तेव्हा बेलापूरजवळच्या ज्या गावात मी ग्रामसेवक होतो ते तालुक्यात पहिलं आलं. आमच्याकडे प्रत्येक अर्ज त्याच दिवशी निकाली! सत्काराची फ्रेम माझ्या खुर्चीमागे होती, आणि येणाऱ्याला ती नीट दिसावी म्हणून मी खुर्ची जरा बाजूला सरकवून बसायचो.

यातली गंमत आम्हालाच ठाऊक होती. माझ्याकडे दोन गावांचा चार्ज. दाखला व्हायला कधी आठवडा, कधी दोन महिने लागायचे. अर्ज आला की तो भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायचा. दाखला तयार झाला, की मगच अर्जाची नोंद संगणकात करायची. मग काय, सकाळी आला आणि दुपारी निकाली निघाला असंच दिसणार. सगळीकडे असंच चालतं, असं मी स्वतःला सांगायचो, आणि झोपही छान लागायची.

मग देशाचा कारभार तपासणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाची माणसं आली. मला वाटलं, पावत्या बघतील आणि जातील. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "पैसे नाही तपासायचे. सुधारणा लोकांपर्यंत पोचली का, ते बघायचंय." चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायल्या. संगणकावरची यादी पाहून झाल्यावर त्यांनी मूळ अर्ज मागितले. मी काही बोलायच्या आत आमचा शिपाई उत्साहाने उठला. "हे काय, तारंला हायेत की समदे!"

तारेतला तिसराच अर्ज आमच्या बाईंचा निघाला. मिशनच्या शाळेत त्यांनी मला पहिलीला शिकवलेलं. निवृत्त झाल्या तरी कुठल्याही कागदावर त्या आधी तारीख घालतात, फळ्यावर घालायच्या तशी. घराच्या उताऱ्याचा हा अर्ज त्यांनी जूनमध्ये दिला होता. संगणकात तो ऑगस्टमध्ये आला होता आणि त्याच दिवशी निकाली निघाला होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एक कागद काढला.

तो कागद अर्धाच लिहितात. डावीकडे त्यांचा प्रश्न, उजवी बाजू आपल्या उत्तरासाठी कोरी. 'अर्जाची तारीख बदलण्याचे कारण?' एवढंच लिहिलं होतं. खरं लिहावं तर नाव जाणार, वर चौकशी. शिपाई कानाशी लागला, "नजरचुकीनं झालं म्हना, भाऊसाहेब. कोन बघतंय?"

मी पेन उघडलं आणि बाईंच्या अक्षरातली ती तारीख पुन्हा दिसली. दोन महिने त्या चकरा मारत होत्या, आणि दरवेळी "जमेल तेव्हा दे रे बाळा" म्हणून परत जात होत्या. मला लाज वाटली. मग मी तार, नोंद, सत्कार, सगळं लिहिलं. उजवी बाजू पुरली नाही, म्हणून मागेही लिहिलं.

अहवाल विधिमंडळात गेला. त्यात आमच्या गावाचं नाव नव्हतं, आमची तार मात्र होती. पुढे नियम निघाला की अर्ज हातात घेताच नोंद करायची आणि अर्जदाराला मुदतीची तारीख घातलेली पोच द्यायची. आमचा पहिला नंबर गेला तो थेट तळाला. मला लेखी समज मिळाली. फ्रेम मीच उतरवली, भिंतीवर तिचा चौकोन अजून आहे.

परवा बाई पुन्हा आल्या. काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या टेबलावर पोच आपटली.

"सात दिवसांची मुदत होती. आज आठवा दिवस. काय रे, अभ्यास केला नाहीस?"

सत्कारातसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं. "नाही बाई," म्हणत मी उभा राहिलो. त्या मात्र माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, आणि दाखला हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत.