आग रोजचीच, दिवा मंगळवारी

टेसी बुटिजीजला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती स्टेशनच्या मागच्या अंगणात ओला टॉवेल भिंतीवर आपटत होती आणि खाली एक माइक ठेवलेला होता.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"समुद्र चाललाय. गप्प उभा राहा."

खरा समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता. पण माइकची वायर तिथवर पोचत नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मकाय गावच्या टीव्ही स्टेशनचं सगळं असंच होतं. सगळं होतं, फक्त वायर पोचत नव्हती.

मी तिथला निवेदक. म्हणजे कपाटाएवढ्या खोलीत बसून "आता पाहू या" म्हणणारा आवाज. चेहऱ्याने मला कुणी ओळखत नसे. पण खाटकाच्या दुकानात मी "अर्धा किलो सॉसेज" म्हणालो, की बायका चमकून वळायच्या आणि आता काहीतरी सुरू होणार अशा आशेने थांबून राहायच्या.

टेसीकडे मालिकांच्या जाहिराती बनवायचं काम होतं. मालिका यायच्या सिडनीहून, विमानाने, वाटेत दोन-तीन गावांचा पाहुणचार घेत. टेप हातात पडायची ती दाखवायच्या दिवशी दुपारी, आणि जाहिरात हवी आठवडाभर आधी. सिडनीवाले तयार जाहिराती पाठवायचे, पण त्यांत त्यांच्या चॅनलचं नाव, त्यांचा वार आणि त्यांची वेळ ठणकावून सांगितलेली असायची. त्यामुळे टेसीच्या हाताशी उरायचा कथेचा चार ओळींचा सारांश, नटाची एखादी स्लाइड आणि बातम्यावाले मीट-पाय खायला गेले की रिकामं होणारं संकलनाचं मशीन. ते बोटं पुसत परत यायच्या आत तिची जाहिरात तयार व्हायची.

कधीकधी फजिती व्हायची. एका मालिकेतला डॉक्टर स्लाइडमध्ये इतका रोखून बघत होता, की टेसीने आठवडाभर "याच्या हाती जीव देणार?" असं माझ्याकडून घोगऱ्या आवाजात वदवलं. मालिका लागली आणि कळलं, की तो बिचारा संतमाणूस होता, नुसता चष्मा विसरला होता. तरी अख्खं गाव शेवटच्या भागापर्यंत त्याच्यावर नजर ठेवून बसलं!

त्या वर्षी दीपगृहाची मालिका आली. नवरा बुडाल्यावर दीपगृह चालवणाऱ्या बाईची गोष्ट. बाकीच्या मालिका शहरवाले आमच्या गळ्यात बांधत. ही मात्र टेसीने स्वतः, वर्षभर आमच्या मॅनेजरच्या, डग प्रिडमच्या मागे लागून आणवली होती. आणि तीच कुणी बघेना.

"टेसीबाई," डग म्हणाला. लाडात आला की तो तिला बाई म्हणायचा, आणि तो लाडात आला की सगळे घाबरायचे. "पुढच्या मंगळवारी प्रेक्षकांची पाहणी आहे. आकडा आला नाही, तर तुझी विधवा बंद. तिच्या जागी डार्ट्सच्या स्पर्धा."

"अर्ध्यात बंद? तिचं काय झालं ते लोकांना कळायला नको?"

"कुठल्या लोकांना? बघतंय कोण?"

टेसी माझ्या कपाटात येऊन बसली. तिथे दोन माणसं मावत नाहीत, त्यामुळे मला उभं राहावं लागलं.

"डगला वाटतं आपली स्पर्धा त्या दुसऱ्या चॅनलशी आहे," ती म्हणाली. "अरे, आपली स्पर्धा आगीशी आहे."

ते खरंच होतं. उसाचा हंगाम ऐन भरात होता. तोडणीआधी पाचट जाळायचं, तेही दिवस मावळल्यावर, वारा पडला की. साडेसातच्या सुमाराला कुठेतरी शेत पेटायचं, आभाळ नारिंगी व्हायचं आणि लोक खुर्च्या, बिअर, लहान मुलं घेऊन अंगणात बसायचे. वरून काळी काजळी भुरभुरायची. दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला लागायचे. तरी कुणी उठायचं नाही. या तमाशापुढे आमची विधवा कुठे टिकणार?

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात टेसीने आपल्या भावाला, चेन्सूला, गाठलं. माल्टा बेटावरून आमच्याकडे आलेली निम्मी मंडळी उसाच्या शेतीत, आणि त्यांच्यात चेन्सूचा शब्द चालायचा. त्याच्या हातात गरम पास्तिझी, म्हणजे चीज भरलेली माल्टी करंजी, होती. तिने आधी ती काढून घेतली.

"मंगळवारी साडेसातला शेत पेटवायचं नाही."

"तुझ्या टीव्हीसाठी? अगं, ऊस न्यायला कारखान्याच्या रेल्वेच्या वाघिणी बुधवारी पहाटे दारात उभ्या राहणार. त्यांच्यात काय तुझ्या जाहिराती भरू?"

"मग आधी पेटव."

"वाऱ्याला विचारलंस?"

"वाऱ्याला तू विचार. तुझ्या बायकोला मी विचारलंय. ती म्हणते, दीपगृहवालीचं काय झालं ते कळलं नाही, तर बुधवारपासून स्वयंपाक तू करायचास."

चेन्सूने पास्तिझीकडे पाहिलं. "बघतो," तो म्हणाला. टेसीने ती परत केली.

सोमवारी बातम्यावाले जेवायला गेले आणि टेसीने कॅमेरा उचलला. मालिकेतलं एकही दृश्य हाती नव्हतं. तिने आदल्या रात्रीच्या काजळीने माखलेली दोरीवरची चादर टिपली. मग चेन्सूच्या बायकोला काळा कोट घालून, हातात कंदील देऊन, चादरीमागून चालवलं. चेहरा दिसला नाही, दिसली फक्त सावली. आणि मी म्हणालो, "आग रोजचीच. दिवा मंगळवारी, साडेसातला." बस्स, एवढंच. दिवसभर, जमेल तिथे, हवामानाच्या आधी आणि घोड्यांच्या शर्यतीनंतर.

मंगळवारी संध्याकाळी मी कपाटातून बाहेर येऊन पाहिलं, तर सगळी क्षितिजं एकदम पेटलेली! चेन्सूने शब्द पाळला होता. चेन्सूच काय, सगळ्यांनीच पाळला होता. साडेसातच्या आत मोकळं व्हायचं म्हणून खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांनी एकाच वेळी काडी लावली होती. धूर आणि काजळी विजेच्या तारांवर गेली, ठिणगी उडाली आणि निम्म्या गावाची वीज गेली.

स्टेशनात जनरेटर होता. घराघरांत नव्हता.

"वेळ झाली," डग म्हणाला. "सुरू करा."

"थांब ना, डग!" टेसीने टेपच्या मशीनवर हातच ठेवला. "लोक अंधारात बसलेत."

"वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. आणि लोक आहेतच कुठे?"

तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा. मग फोनच्या फळीवरचे सगळे दिवे लागले आणि ऑपरेटर बाई ओरडली, "कुणाकुणाला उत्तर देऊ? सगळे एकच म्हणतायत, सुरू करू नका!"

एक फोन डगनेच उचलला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. ती त्याची बायको, मेव्हिस होती.

"डग्लस, सुरू केलंस ना, तर घरी येऊ नकोस."

"तू... तू बघतेस हे?"

"पहिल्या भागापासून. तू कधी विचारलंस?"

डगने फोन ठेवला. चष्मा काढून उगीचच पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघतोस काय? बोल काहीतरी!"

मी कपाटात शिरलो. पडद्यावर दीपगृहाची एकुलती एक स्लाइड. ज्यांच्याकडे वीज होती, त्यांना मी सांगितलं की शेजारी अंधारात आहेत, जरा दम धरा. आणि टेसी दारात उभी राहून मागची गोष्ट कुजबुजत होती, ती तशीच्या तशी सांगत राहिलो. नवरा कसा बुडाला, सरकारी माणूस कसा आला, बाईने किल्ली कशी दिली नाही. काही ठिकाणी मला शंका आहे की ती सारांशातली गोष्ट नव्हती, टेसीची होती. कुणी तक्रार केली नाही.

वीज आली तशी फळीवरचे दिवे एकेक करून विझले. टेप सुरू झाली.

त्या स्टेशनच्या जागी आज एक गालिच्यांचं दुकान आहे. जाहिराती शहरातून येतात, गुळगुळीत, आणि त्यांत समुद्र म्हणजे खराच समुद्र असतो. आणि मला ती संध्याकाळ आठवते. टेसी मशीनशेजारी उभ्याउभ्याच भाग बघत होती, मान वाकडी करून. डग तिच्यामागे येऊन थांबला. हातातला डार्ट्सच्या स्पर्धेचा कागद त्याने चार घड्या करून खिशात घातला.

"पुढच्या मंगळवारी काय होतं गं हिचं?"

"मला काय माहीत? टेप कुठे आलीय!"

"मग जाहिरात कशी करणार?"

"श्श!" टेसी म्हणाली. "बघू दे."