भिंतीवरून टाकलेली वायर

घरातले जुने फोटो मिळवायचे सगळे सोपे मार्ग मुलीनं पुण्याहून फोनवर मला सांगितले होते. काकाकडून पेन ड्राइव्हवर घे. नाहीतर त्याला सांग, तो वायफायवरून पाठवेल. तेही जमत नसेल तर त्याला इंटरनेटवर चढवायला सांग आणि तू इकडं उतरवून घे. "आई, मध्ये एक भिंत आहे फक्त, त्यात काय एवढं अवघड?" असं वर मलाच विचारलं. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीला भिंत म्हणजे नुसती भिंतच वाटणार. मी "बरं, बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.

ही भिंत आमच्या सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या मधोमध आहे. सासूबाई गेल्यावर वर्षाच्या आत ती उभी राहिली. मागं परड्यातही तीच पुढं गेलीय, माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. अलीकडं मी आणि माझा नवरा, पलीकडं माझा धाकटा दीर, त्याची बायको आणि मुलगी. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा हा दीर पाचवीत होता. चड्डीचं बटण तुटलं की माझ्याकडं यायचा, आणि मी त्या एवढ्याशा पोराला रीतीप्रमाणं "भावजी, इकडं या" म्हणायची. सगळी गल्ली हसायची. तो मात्र मला पहिल्या दिवसापासून "वैनी, तू" म्हणत आला.

पुढं तो कंप्युटर शिकला आणि पुढच्या खोलीत क्लास आणि दुरुस्तीचं काम सुरू केलं. भांडण त्या खोलीवरूनच झालं. माझा नवरा फाउंड्रीत भट्टीवर उभा राहून म्हातारा झालेला माणूस, त्याची जीभही भट्टीतूनच काढल्यासारखी. चार पाहुण्यांच्या देखत धाकट्या भावाला म्हणाला, "मी शिकवलं म्हणून तू माणसात आलास." दिरानं एक शब्द उलट काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं वाटणी मागितली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, चार दिवसांत निवळलं असतं. वाटणीत घराचा जुना कंप्युटर दिराकडं गेला, कारण आमच्याकडं तो चालवणार कोण?

आता दिरानं आपला हिस्सा विकला होता. उचगावला फ्लॅट घेतला होता आणि आठवडाअखेर तो निघणार होता. उचगाव काही विलायतेत नाही, सिटी बसनं जाता येतं. पण भिंतीपलीकडच्या भावाशी न बोलणारा माझा नवरा त्याला भेटायला उचगावला कशाला जातोय? कंप्युटरवर सासऱ्यांचे जुने फोटो होते, मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते, सासूबाईंचे व्हिडिओ होते. ते मला हवे होते हे खरं. पण त्याहून मला हे हवं होतं की, जाण्याआधी या दोन भावांनी एकदा तरी एकमेकांशी बोलावं. नंतर बोलतील ही आशा मला नव्हती.

म्हणून मी परड्यात जाऊन भिंतीवरून हाक मारली. "भावजी, फोटो पाहिजेत की."

पलीकडं बादली ठेवल्याचा आवाज आला. "पेन ड्राइव्हवर टाकतो वैनी. पोरीकडनं पाठवून देतो."

"आमच्या लॅपटॉपमध्ये पेन ड्राइव्ह चालत न्हाय," मी म्हटलं. मुलीचा जुना लॅपटॉप होता, त्यात पेन ड्राइव्ह उत्तम चालायचा. वायफायचंही मी असंच काहीतरी सांगितलं. दिवसभर लोकांचे कंप्युटर उघडून बसणारा माणूस तो. काय बिघडलंय, दाखव बघू, असं त्यानं विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "मग वायरच टाकूया."

दुपारी भिंतीवरून वायर आली. एक टोक त्याच्या कंप्युटरला, एक माझ्या लॅपटॉपला. मी धुण्याच्या दगडाशेजारी खुर्ची टाकून बसले, त्यानंही टेबल मागच्या पडवीत आणलं असावं. दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज. तो सांगेल ते मी करायचं. हे उघड, तिथं हा आकडा टाक, शेअरिंग चालू कर.

"फोल्डर दिसालंय का?"

"न्हाय दिसालंय."

"आकडा परत बघ. शेवटी दोन टाकलास का एक?"

मी एक टाकला होता. एक त्याच्या कंप्युटरचा होता. दोघांचा आकडा सारखा असला की जुळत नाही म्हणाला. मी मनात म्हटलं, आमच्या घरातही तीच अडचण आहे बाबा, दोघंही एक नंबर.

शेवटी फोल्डर दिसला आणि फोटो यायला लागले. लॅपटॉप सांगायचा अजून दहा मिनिटं, मग म्हणायचा चार तास, मग परत वीस मिनिटं. त्यात तो जुना कंप्युटर तापून मध्येच बंद पडायचा, की दिरानं पुन्हा चालू करायचा. त्यामुळं दोघांनाही जागचं हलता येत नव्हतं. मला तेच पाहिजे होतं. आम्ही बोलत बसलो. उचगावला पाणी कसं येतं, पोरीची शाळा कुठं, त्याच्या बायकोची पाठ अजून दुखते का. गेल्या दोन वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या दुपारी बोललो.

हे, म्हणजे माझा नवरा, आत कॉटवर झोपले होते. नुसते आडवे झाले होते. "त्या घरातनं काय आणू नकोस" असं त्यांनी मला सकाळीच बजावलं होतं, वायर दिसल्यावर मात्र काही बोलले नाहीत. त्यांचं घोरणं गल्लीच्या तोंडाला ऐकू जातं. हे काम तीन दुपारी चाललं, त्या तिन्ही दुपारी आमच्या घरात घोरण्याचा आवाज नव्हता.

दुसऱ्या दुपारी सासूबाईंचे व्हिडिओ यायला लागले. एक नीट आलाय का बघायला मी लावला. चटणीसाठी लसूण सोलत बसल्या होत्या आणि शूटिंग करणाऱ्या धाकट्याला म्हणत होत्या, "बंद कर की त्ये. दोन पाकळ्या सोललास तर काय हात झडंल का?" आवाज मोठा होता, भिंतीपलीकडं गेला. तिकडची कीबोर्डची टकटक थांबली. आत कॉट करकरली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसावं असंही वाटेना.

मी तेव्हाच उठून आत जायला हवं होतं, यांना हाताला धरून बाहेर आणायला हवं होतं. पण मला वाटलं, अजून उद्याची दुपार आहे. आपणहून उठतील.

तिसऱ्या दुपारी काम लवकर संपलं. "वैनी, झालं. सगळं आलं तुझ्याकडं."

"भावजी, उद्या जेवून जावा."

"दादा म्हणाला का तसं?"

मी आत बघितलं. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते. मी हातानं खुणावलं, काहीतरी बोला म्हणून. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मी म्हणतेय की," मी म्हटलं.

"तू म्हणणारच गं." मग म्हणाला, "वायर सोड."

मी वायर काढली. त्यानं पलीकडून ओढून घेतली.

सकाळी टेम्पो आला. हे त्याआधीच उठून तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दीर दारात आला, उंबऱ्याबाहेरूनच माझ्या पाया पडला. मी त्याला चटणीची बरणी दिली. तो माझ्या मागं घरात एकदा बघून वळला. टेम्पो गल्लीच्या बाहेर पडल्यावर बऱ्याच वेळानं हे परत आले आणि जेवले.

दुपारी मी भांडी घासत होते. हे परड्यात आले, खुर्ची ओढून भिंतीजवळ बसले. मला वाटलं उन्हाला बसलेत.

"सगळं आलंय का नीट?" त्यांनी विचारलं.

"आलंय."

"बघितलंस?"

"बघितलं की कालच."

"परत बघ." त्यांचा आवाज खाली गेला होता. भट्टीपुढं ओरडून ओरडून कमावलेला आवाज, मी तो इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "एखादं राहिलं असंल. राहिलं असलं तर उचगावला जाऊन आणाय लागंल."

मी हात पुसले, लॅपटॉप आणला आणि त्यांच्या शेजारी बसले. चष्मा लावून ते स्क्रीनला चिकटले. एकेक फोल्डर उघडायला लावला, एकेक फोटो बघितला, एखादा तरी उघडू नये म्हणून वाट बघत राहिले. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी आम्ही बघत होतो.

सगळं आलं होतं.