दत्तारामचा राखून ठेवलेला पीस

दत्तारामचा विश्वास फक्त दाराच्या कडीवर होता, आणि तोही कडी त्याने स्वतः लावली असेल तर. बायकोने, लक्ष्मीने, लावलेली कडी हा उठून काढायचा आणि पुन्हा लावायचा. भाजीवाल्याने आपण होऊन कोथिंबीर जास्त घातली की पिशवीतली वांगी एकेक करून तपासायचा. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, ठणठणीत आहात," तर घरी येऊन म्हणायचा, "लपवतोय काहीतरी." हिंदमाता मार्केटमधल्या एका साड्यांच्या दुकानात तो गादीवर बसून साड्या उलगडून दाखवायचा. मालक त्याच्यावर खूश, कारण त्याच्या नजरेखालून हातरुमालसुद्धा बाहेर गेला नसता. गिऱ्हाइकं मात्र त्याची गादी टाळत. साडी बघायला आलेल्या बाईकडे कोणी चोर असल्यासारखं टक लावून बसलं, तर तिला कुठला रंग आवडणार?

हा माणूस एके काळी परळ-लालबागच्या मिरवणुकांत बेंजो वाजवायचा आणि त्याच्यापुढे गल्लीच्या गल्ली नाचायची, हे दुकानात सांगितलं तर कोणी खरं मानलं नसतं. बेंजो म्हणजे गळ्यात आडवं अडकवून, डाव्या हाताने बटणं दाबत आणि उजव्या हाताने तारा छेडत वाजवायचं वाद्य. वाजवतात पुष्कळ. दत्तारामची तऱ्हा वेगळी होती. तो नाचणाऱ्यांच्या पुढे उलटा चालायचा आणि नजर त्यांच्या पायांवर ठेवायचा. पाय दमले की सूर सैल सोडायचा, पायांत जोर आला की असा चढवायचा की म्हातारेकोतारेही लेझीम शोधू लागत. त्याच्या बेंजो पार्टीतली पोरं म्हणायची, दत्तू बेंजो वाजवत नाही, लोकांचे पाय वाजवतो.

मग शशिकांतने घात केला. शशिकांत त्याचा जिवलग, पार्टीचा मॅनेजर. "दत्तू, एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवू रे, आठवण राहील," म्हणून त्याने सगळ्यांना गिरगावातल्या एका स्टुडिओत नेलं. पोरं नवे शर्ट घालून गेली होती. ते रेकॉर्डिंग शशिकांतने परस्पर विकलं, आणि पुढच्या वर्षी मिरवणुकीत वाजवायच्या सुपाऱ्या आल्याच नाहीत. विसर्जनाच्या दिवशी दत्ताराम फुटपाथवर उभा राहिला आणि समोरून एक ट्रक गेला. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, आणि स्पीकरमधून दत्तारामचाच बेंजो. त्याचीच बोटं, त्याचीच चाल, आणि तो स्वतः पिशवी घेऊन बाजूला. ट्रकमागे नाचता नाचता एक म्हातारी दमून खाली बसली, पण सूर काही सैल झाला नाही. आपलंच वाजवणं आपल्यालाच न ओळखता पुढे निघून गेलं, याचं दुःख त्याला फार झालं. त्या दिवसापासून त्याने कोणावर विश्वास म्हणून ठेवला नाही.

तर अशा माणसाच्या दारात एका संध्याकाळी कॉलेजची तीन पोरं येऊन उभी राहिली. मेघना, तिने एकांकिका बसवायला घेतली होती. प्राची, तिचं त्यात मुख्य काम. आणि विक्रांत, साउंड बघणारा, बगलेत लॅपटॉप.

"काका, स्पर्धेची एकांकिका आहे," मेघना म्हणाली. "त्यात बेंजो पाहिजे. लाइव्ह. तुम्ही विंगेत बसून वाजवायचं."

"ट्रॅक लावा की. मोबाइलवर रग्गड मिळतात."

"ट्रॅक नकोय काका. लाइव्हच पाहिजे."

झालं! दत्तारामच्या मनात पाल चुकचुकली. फुकटात मिळणारी गोष्ट सोडून कोण एवढे जिने चढून येतं? इथे नक्की पाणी मुरत होतं. तो विक्रांतच्या लॅपटॉपकडे बघत राहिला आणि "बघू" म्हणून त्याने दार लोटलं.

"पोरां एवढे जिने चढान इली," लक्ष्मी आतून म्हणाली, "आणि तुमी तेंका पाणी पन इचारूक नाय!"

"पाणी विचारलं असतं तर बसली असती. बसली असती तर रेकॉर्ड केलं असतं."

"काय रेकॉर्ड करतली? तुमचां खोकणां?"

दत्तारामने उठून दाराची कडी पुन्हा तपासली. पण रात्रभर त्याची बोटं चादरीवर चालत होती, आणि सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "जाऊन बघायला काय हरकत आहे? चोर काय चोरतो ते तरी कळेल."

कॉलेजच्या वर्गात तालमीला गेल्यावर त्याने आधी अट घातली. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत, आणि पिशवी त्याच्या मांडीखाली. पोरं हसली, पण त्यांनी मोबाइल दिले. मग मेघनाने गोष्ट सांगितली. वडील जाऊन आठवडा झालेली मुलगी. घरात सुतक, म्हणून तिला मिरवणुकीत उतरता येत नाही. दरवर्षी वडीलच तिला खांद्यावर घेऊन नाचायचे. चाळीखालून मिरवणूक जाते आणि ती गॅलरीत एकटी उभी असते. शेवटी तिला राहवत नाही, ती तिथेच नाचते. शब्द एकही नाही, फक्त बेंजो आणि तिचे पाय.

गोष्ट दत्तारामला लागली. त्याने ती लागल्याचं दाखवलं नाही.

आता बेंजोवाल्यांची एक जुनी रीत आहे. तालमीत सगळं वाजवायचं, पण यंदाचा खास पीस, म्हणजे नवी बांधलेली चाल, वाजवायची नाही. शेजारच्या गल्लीतल्या पार्टीचा कोणीतरी जिन्यात कान लावून उभा असतोच. पीस फुटला की उद्या तो त्यांच्या मिरवणुकीत वाजलाच समजा. म्हणून तो झाकून ठेवायचा आणि मोठ्या नाक्यावर, गर्दी दाटली की काढायचा. पार्टी मोडली त्या वर्षी दत्तारामने असा एक पीस बांधला होता. तो कुठल्याच नाक्यावर वाजला नाही. लक्ष्मी बाजारात गेली की तो कडी लावून, तारांवर फडकं टाकून, स्वतःला ऐकू येईल न येईल असा वाजवायचा. इतकी वर्षं त्याने तो जिवापाड जपला होता.

त्या मुलीचं गॅलरीतलं नाचणं बघून त्याला पहिल्यांदा वाटलं, हा पीस इथे वाजवावा. पण तालमीत? छे! रीत ती रीत. प्राची शेवटच्या प्रवेशाला आली की हा हात बेंजोवरून काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "इथे माझा पीस येईल."

"मग मी आत्ता कशावर नाचू, काका?"

"तू नाच. मी पाय बघतो."

बिचारी शांततेत नाचायची. मेघना आधी विनवायची, मग चिडायला लागली. "काका, ही मिरवणूक नाहीये. तिला क्यू लागतो. एकदा तरी ऐकवा ना!"

"प्रयोगाला ऐका."

बाकीचे प्रवेशही तो हात राखून वाजवत होता. अर्धं द्यायचं, अर्धं ठेवायचं. न जाणो भिंतीलाही कान असतील. एवढं असूनही दुकानातून तालमीला निघायची वेळ झाली की तो साड्यांच्या घड्या भराभरा घालू लागला आणि एका बाईला म्हणाला, "ताई, हा रंग तुम्हाला खुलेल." मालकाने चष्म्यावरून वळून बघितलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो तालमीला जरा लवकर पोचला. दार लोटलेलं होतं. आतून बेंजो ऐकू आला. दत्ताराम जागच्या जागी थिजला. हात त्याचाच. मधल्या प्रवेशातली चाल, तीच मुद्दाम सैल सोडलेली जागा, आणि शेवटी त्याचा स्वतःचा खोकला. फटीतून त्याला विक्रांतचा लॅपटॉप दिसला.

म्हणजे मी सगळ्यांच्या मोबाइलवर बसून राहिलो, आणि हा शहाणा लॅपटॉप उघडा ठेवून बसला होता! आणि आपण एवढे संशयी असून आपल्याला लॅपटॉपला कान असतात हे सुचू नये? त्याला रागापेक्षा शरम जास्त वाटली. तो पुन्हा फुटपाथवरच उभा होता, फक्त ट्रकच्या जागी वर्गाचं दार होतं. तो आवाज न करता मागे फिरला.

घरी येऊन त्याने फोन बंद केला. "उद्या माझ्याशिवाय करतील बघ. माझाच माल, माझ्याच नाकावर टिच्चून." मग त्याला एक गोष्ट आठवली आणि तो हसला. शेवटचा पीस त्यांच्याकडे नव्हता. अख्खी एकांकिका ट्रॅकवर ओढतील आणि शेवटाला तोंडघशी पडतील. ते बघायला तो जाणारच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दादरला स्पर्धेच्या नाट्यगृहात कलाकारांच्या दाराने न जाता प्रेक्षकांच्या दाराने शिरला. बेंजोचं खोकं सोबत होतंच, ते तो कोणाच्या भरवशावर ठेवत नसे. दारावरचा माणूस म्हणाला, "हे बाहेर ठेवा." दत्तारामने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, खोकं मांडीवर घेऊन तो पोलिसासारखा बसला.

पडदा उघडला. पहिली जागा आली, जिथे खालून मिरवणुकीची चाहूल लागते. आता वाजेल, दत्तारामने कान टवकारले. काही वाजलं नाही. प्राची गॅलरीच्या कठड्यावर वाकली आणि तिने नुसतं ऐकल्यासारखं केलं. बरं, मशीन लागलं नसेल. दुसरी जागा आली. आता नक्की. तीही कोरडीच गेली. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या जागेला दत्ताराम खुर्चीच्या टोकाला येऊन मनात म्हणत होता, अरे लावा की! आहे ना तुमच्याकडे, मी माझ्या कानांनी ऐकलंय, लावा!

कोणी लावलं नाही. चोरांच्या हातात माल होता आणि चोर चोरी करत नव्हते. चोर पकडायला आलेल्या माणसाने करायचं काय?

शेवटचा प्रवेश आला. प्राची गॅलरीत एकटी. तिने विंगेकडे बघितलं, जिथे तो बसायचा तिकडे. तिथे रिकामी खुर्ची असणार, हे त्याला इथून कळलं. ती थांबली. मग तिने एक पाय आपटला, पुन्हा थांबली. पाय जड होते, घाबरलेले होते, पण उचलायचे होते. असे पाय दत्तारामने आयुष्यभर बघितले होते.

खोकं कधी उघडलं ते त्याला कळलंच नाही. वायर नाही, माईक नाही, तारांचा नुसता बारीक आवाज अंधारातून निघाला, दोन गल्ल्या पलीकडून मिरवणूक यावी तसा. लोकांनी माना वळवल्या. प्राचीने वळवली नाही. ती कठड्यावरून खाली, त्या आवाजाकडे बघत राहिली आणि तिचा दुसरा पाय उचलला गेला.

आता पीस काढायचा! इतकी वर्षं फडक्याखाली ठेवलेला. त्याने पहिले सूर काढले मात्र, आणि त्याला दिसलं की ते तिच्या पायांना बसत नव्हते. पीस मोठ्या नाक्याचा होता, दाटलेल्या गर्दीचा. ही तर एकटी पोर, बापाच्या खांद्यावरून उतरलेली. दत्तारामने पीस तिथेच सोडून दिला. त्याने तिच्या पायांकडे बघितलं आणि ते म्हणतील ते वाजवत गेला. ती रडता रडता थांबली की तोही थांबायचा. तिने गिरकी घेतली की त्याचे सूर धावायचे. शेवटी ती कठड्याला टेकून खाली बसली, तेव्हा त्याने एकच तार हळू छेडत ठेवली, तिचा श्वास शांत होईपर्यंत. मग तीही सोडली. नाट्यगृहात टाळ्या पडल्या त्या पडद्यानंतरही पडत राहिल्या.

बाहेर पोरांनी त्याला गाठलं. तो आधीच कमरेवर हात ठेवून उभा होता.

"माझं रेकॉर्ड केलं होतंत."

विक्रांतने मान खाली घातली. "हो काका. सॉरी. प्राचीला घरी प्रॅक्टिस करायला पाहिजे होतं. तुम्ही विचारूच देत नव्हता."

"मग आज लावलं का नाही?"

"मी लावत होतो. मेघनाने हात धरला. म्हणाली, काका येतील. नाही आले तर तसंच करू."

"आणि मी सांगितलं, मला ते नकोच," प्राची म्हणाली. तिचा मेकअप गालांवर ओघळला होता. "काका, मी घरी रोज त्याच्यावर नाचले. ते माझ्यासाठी थांबतच नाही हो."

दत्तारामला ट्रकमागे दमून बसलेली ती म्हातारी आठवली. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "लॅपटॉप दाखव." विक्रांतने तो उघडून त्याच्यापुढे धरला. हात राखून वाजवलेलं, अर्धंमुर्धं, मध्येच खोकला, असं ते वाजणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चोरीला जाऊ नये म्हणून त्याने जे वाईट वाजवलं होतं, तेवढंच त्या पोरीच्या वाट्याला आलं होतं.

"पुसून टाक," तो म्हणाला. "आणि पुढच्या तालमीला मोबाइल पिशवीत ठेवायचे नाहीत."

घरी लक्ष्मीने दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघून आधी पाणी दिलं. मग तिने विचारलं, "तो पीस वाजवलात? लपवून ठेवलेलो?"

दत्ताराम चमकला. "तुला काय माहीत तो पीस?"

"खोली एवढीशी. फडक्यान काय आवाज रवता? इतकी वर्सां बाजारातून येऊन जिन्यात उभी रवतंय, तुमचां वाजवून होयसर."

ती इतकी वर्षं जिन्यात पिशव्या घेऊन उभी राहिली होती आणि तो आत कडी लावून बसला होता. दत्तारामने बेंजोचं खोकं खाली ठेवून उघडलं.

"नाय वाजवला," तो म्हणाला. "तिथे लागलाच नाही."

लक्ष्मी कडी लावायला उठली. दत्ताराम म्हणाला, "असू दे उघडं." त्याने बेंजो मांडीवर घेतला, तारांवरचं फडकं काढून बाजूला टाकलं आणि तिला समोर बसायला सांगितलं.